दार उघडल्यावर पहिलं काय दिसेल

कर्जतच्या चार फाट्यावर काही लोक अजून सांगतात की भालेराव चावीवाल्यांनी जन्मभर पाळलेला नियम एकदाच मोडला. खालापूरकडच्या एका गावात, एका बाईसाठी. सांगणाऱ्यांपैकी कोणीही तिथे नव्हतं. मी होते. नुसती बघायला नव्हते, पंच म्हणून होते, आणि ती वेळ माझ्यावर माझ्याच आळसामुळे आली होती. म्हणून हे लिहिणं माझ्याकडे येतं. शिवाय पंचनामा लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. मी तलाठी आहे. या पदाला आता नवं लांबलचक नाव मिळालंय, पण ते उच्चारून होईपर्यंत समोरचा माणूस निघून जातो.

नियम साधा होता. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. पण बंद दारापुढे उभं राहून 'हे माझंच' असं कोणीही म्हणू शकतं, म्हणून त्या नियमाला भालेरावांनी दोन पोटनियम जोडले होते. एक, तुम्हाला ओळखणारे दोन साक्षीदार हवेत. दोन, दार उघडल्यावर पहिलं काय दिसेल ते आधी सांगायचं. मग ते कुलूप उघडायचे, दार वीतभर ढकलून आत डोकवायचे, आणि सांगितलेलं जुळलं तरच बाजूला व्हायचे. उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. चहासुद्धा बाहेर उभ्यानेच.

एवढी काटेकोरी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "घरफोडी झाली का पयलं बोलावनं मला येतं," ते म्हणाले. "चोराचा पत्ता कोनाला ठाव नसतो. माजा असतो." तालुक्यातल्या कुठल्याही घरात हात जाईल असा धंदा, आणि तो सगळा एका नावावर उभा. नाव गेलं की दुसऱ्या दिवशी छत्री मिटायची.

छत्री खरंच होती. रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात रोवलेली मोठी काळी छत्री, आणि तिच्या काड्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्यांचे झुबके. वारा आला की सगळं किणकिणायचं. खाली गोणपाटावर भालेराव. साठीचा, काटकुळा माणूस, चष्म्याला सुतळी बांधलेली. लाकडी पेटीच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला, त्यामुळे पेटी उघडली की आधी फोटो दिसायचा आणि मग कानस. गाव कशेळ्याच्या पलीकडे. रोज सकाळी जीपमधून पेटी मांडीवर घेऊन यायचे आणि संध्याकाळी तशीच मांडीवर घेऊन जायचे. पेटी जीपच्या टपावर त्यांनी कधी टाकू दिली नाही.

माझी त्यांची ओळख झाली तेव्हा मी गाऊनमध्ये होते.

सुट्टीचा दिवस, सकाळचे नऊ-साडेनऊ. नवरा पुण्याला नोकरीला, त्या आठवड्यात येणार नव्हता, मुलगा वसतिगृहात. मी मंद आचेवर दूध ठेवलं आणि कचऱ्याची बादली जिन्याशी ठेवायला गेले. चार पावलांचं अंतर. मागे खट् असा आवाज झाला. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप मीच हौसेने बसवून घेतलं होतं, कारण दार उघडं टाकून फिरणाऱ्या बायकांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. चावी आत, फोन आत, चष्मा आत. दुसरी चावी पुण्यात.

वॉचमनने फोन करून भालेरावांना बोलावलं. ते जिना चढून आले, पेटी खाली ठेवली, चपला काढल्या आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"घर कोनाचं?"

"माझं."

"कोन वळखतं?"

हा प्रश्न सोपा आहे असं मला वाटलं. रोज वीस माणसांना मी रहिवासाबद्दल लिहून देते. अमुक इसम अमुक ठिकाणी राहतो, हे माझ्या सहीवर ठरतं. मी वॉचमनकडे पाहिलं. तो परवाच लागला होता. समोरच्या घरातले गृहस्थ दार किलकिलं करून उभे होते, त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बराच विचार केला आणि चेहरा ओळखीचा वाटतो असं सांगितलं. चार वर्षं मी त्या मजल्यावर राहत होते. शेजाऱ्यांशी संबंध कामापुरते ठेवावेत असं माझं मत होतं, आणि काम कधी पडलं नव्हतं.

भालेरावांनी दुसरा प्रश्न टाकला. "दार उघाडल्यावर पयलं काय दिसंल?"

इथे मात्र मी घरच्या मैदानावर होते. स्थळपाहणी हाच माझा धंदा. मी चतुःसीमा सांगायला सुरुवात केली. समोर खिडकी, खिडकीखाली दिवाण, दिवाणावर निळी चादर, डावीकडे टीव्ही, उजवीकडे स्वयंपाकघराचं दार.

"चादर निळी?"

"निळी."

साक्षीदार भेटेपर्यंत काम सुरू तर करतो, म्हणाले. आम्हा सगळ्यांना जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. माझ्यासकट तिघंजण भिंतीकडे बघत दहा मिनिटं उभे. मग कुलूप सरकल्याचा आवाज आला, मी वळले, भालेरावांनी दार वीतभर ढकललं, आत डोकावले आणि दार परत ओढून घेतलं. खट्.

"बाई, आत चादर नाय. कपड्यांचा ढीग हाय. ढिगावर ताट हाय. ताटात अर्धी चपाती हाय."

समोरच्या गृहस्थांनी त्यांचं दार थोडं जास्त उघडलं.

चादर निळीच होती. ती ढिगाखाली होती, आणि गेले तीन आठवडे मी तिला पाहिलेलं नव्हतं. हे मी समजावून सांगू लागले. बंद दारापुढे गाऊनमध्ये उभ्या असलेल्या बाईने ढिगाखालच्या चादरीबद्दल दिलेलं स्पष्टीकरण ऐकायला कसं लागतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी सरकारी नोकर आहे हेही सांगून पाहिलं. भालेराव म्हणाले, आजकाल सगळेच सांगतात.

तेवढ्यात कमळताई कचरा न्यायला आल्या. त्यांनी बादली पाहिली, मला पाहिलं आणि कोणी न विचारता सुरुवात केली. "ह्या ह्या घरातल्या. वला-सुका येकत्र करून ठेवतात आनि वर मलाच सांगतात, वेगळं करून घे."

"रोज?" भालेरावांनी विचारलं.

"रोज. सनाला पन."

भालेरावांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "ही साक्ष पक्की," ते म्हणाले. "खोटी साक्ष देनारा नेमी चांगलं बोलतो."

एक झाली. दुसरी कुठून आणायची या विचारात मी असताना दाराच्या फटीतून करपल्याचा वास आला. मला दूध आठवलं. मी ओरडलेच असणार, कारण खालच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. भालेरावांनी नाकाने खात्री करून घेतली. आत गॅसवर दूध आहे हे बाहेरच्या माणसाला कसं माहीत असेल, असा त्यांनी हिशेब केला असावा. पेटी पुन्हा उघडली आणि म्हणाले, "हे आधी सांगायचं. वासाची साक्ष चालती."

या वेळी दहा मिनिटं लागली नाहीत. दहा सेकंद लागले. तेव्हा मी पातेल्याच्या काळजीत होते, त्यामुळे हा फरक माझ्या नंतर लक्षात आला.

पुढच्या दीड वर्षात मी आणखी तीन वेळा बाहेर राहिले. हे सांगायला मला आवडत नाही. मी दप्तर जागच्या जागी ठेवणारी बाई आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा फेरफार मी दहा मिनिटांत काढून देते. पण ते दार मला कधी साधलं नाही. दुसऱ्या वेळी मी दूधवाल्याला हाक मारायला बाहेर आले होते, तिसऱ्या वेळी दारातल्या चपला नीट लावायला. चपला अजून नीट लावलेल्या आहेत.

तिसऱ्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभी असताना मी समोरच्या घराच्या चकचकीत स्टीलच्या पाटीत पाहिलं. त्यात आमचं दार दिसत होतं. भालेरावांनी वाकवलेली तार घातली, डोळे मिटले, मनगट जरासं वळवलं आणि कुलूप उघडलं. मग ते चपलांशेजारी मांडी घालून बसले आणि दहा मिनिटं नुसती तार हलवत राहिले, मधूनमधून सुस्कारे टाकत.

मी खाली सोडायला गेले तेव्हा त्यांना हे बोलून दाखवलं. मला वाटलं खजील होतील.

"तवाच उघाडलं असतं आनि तुमी बघितलं असतं," ते म्हणाले, "तर रातीला झोपला असता का? कुलूप चोरासाठी नसतं, भाऊसाहेब. चोराला ते कळतं. कुलूप आपल्याला डोळा लागावा म्हनून असतं. ती झोप मी कशाला मोडू?"

तोवर त्यांना माझं खातं कळलं होतं. गावाकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. बाई असली तरी जुनी माणसं बदल करत नाहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग मी त्यांच्याकडून जादा चावी करून घेतली. ती कुठे ठेवायची यावर त्यांनी मला दम भरला. कुंडीत नाही, बुटात नाही, मीटरच्या पेटीत तर मुळीच नाही. अर्ध्या कर्जतच्या चाव्या मीटरच्या पेटीत आहेत म्हणाले. मी विचार करून ती कार्यालयातल्या कपाटात ठेवली. सरकारी कपाट, सरकारी कुलूप, यापेक्षा सुरक्षित काय असणार? चौथ्या वेळी दार लागलं तेव्हा कळलं की कपाटाची चावी घरात, टीव्हीवर आहे.

भालेराव त्या दिवशी हसले नाहीत, पण पेटीत कानस शोधायला बराच वेळ खाली वाकून राहिले. निघताना म्हणाले, चावी कमळताईला देऊन ठेवा. कचरा नेणाऱ्या बाईच्या हातात घराची चावी, असं माझ्या चेहऱ्यावर आलं असावं. "जी तुमाला वळखती तिलाच द्यायची," ते म्हणाले. "बाकी हाय कोन?" चावी मी कमळताईंना दिली. ओला-सुकाही वेगळा करू लागले. पुढच्या वेळी साक्षीला काही उरणार नाही, अशी काळजी मात्र वाटत राहिली.

आता त्या बाईबद्दल.

सुरेखा माझ्या सजातल्या एका गावची. म्हणजे तलाठी म्हणून माझ्याकडे जी गावं आहेत त्यांतल्या एकाची. तिशीची, भातशेती आणि बागवाल्यांकडे रोजाने कामाला जाणारी. महिन्यापूर्वी नवरा वारला होता. मूलबाळ नाही. चार दिवस माहेरी जाऊन आली तर घराला दिराचं कुलूप. नवऱ्याचा हिस्सा असलेली जमीन रस्त्याला लागून होती आणि बंगलेवाले तिची चौकशी करून गेले होते. दिराने हक्क सोडल्याचा कागद तयार ठेवला होता. कागदावर सही कर आणि चावी घे, असं त्याचं म्हणणं. सही केली तर घर मिळणार, जमीन जाणार. नाही केली तर रात्री पाठ टेकायला जागा नाही. दोन रात्री तिने शेजारच्या म्हातारीच्या पडवीत काढल्या होत्या.

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियम सांगितला. घर गावठाणातलं, ते ग्रामपंचायतीकडे. जमिनीचा वारसाचा अर्ज माझ्याकडे कर, पंधरा दिवसांची नोटीस लागेल, हरकत आली नाही तर नोंद होईल.

"तवर कुठं ऱ्हाऊ?" तिने विचारलं.

पोलिसांत जायचा सल्ला मी दिला. तिला नको होतं. दिराच्याच आळीत जन्म काढायचाय, म्हणाली. चार पावलांसाठी, एका पातेल्यासाठी सगळी इमारत डोक्यावर घेणारी मी, तिच्यापुढे मान हलवत बसले. मग म्हणाले, कर्जतला चार फाट्यावर एक चावीवाले आहेत, त्यांना विचारून बघ. हे मी का म्हणाले, तर जेवणाची वेळ झाली होती. भालेराव नाही म्हणतील याची मला खात्री होती, आणि ते नाही म्हणाले म्हणजे मग माझ्याकडून विषय संपला असता.

दुसऱ्या दिवशी अकराला भालेराव माझ्या कार्यालयाच्या दारात. पेटी काखेत, मागे सुरेखा.

"भाऊसाहेब, ही तुमी पाठवली?"

मी हो म्हणाले.

"कुलूप दिराचं हाय. मी त्याला हात लावनार नाय. हिला सांगितलं तसं."

"मग?"

"मग ही गेली नाय. छत्रीखाली बसून ऱ्हायली. रडली असती तर मी उठवली असती. रडली पन नाय." ते बाकावर टेकले. "म्हनून इचारायला आलो. घर कोनाचं?"

सुरेखाने पिशवीतून घरपट्टीची पावती काढली. नवऱ्याचं नाव. दिराचं घर वेगळं, त्याची पट्टी वेगळी. मी पावती उलटसुलट करून पाहिली आणि जे होतं ते सांगितलं.

"म्हंजे दार हिचं."

"हो."

"आनि कुलूप त्याचं."

"हो."

भालेरावांनी सुतळी कानामागून काढून चष्मा पुसला, पुन्हा बांधला. मग म्हणाले, चला, दार बघून येऊ. मी कशाला, असं मी विचारलं. दोन साक्षीदार लागत्यात, म्हणाले, तुमी हिला माज्याकडं धाडली म्हंजे तुमी वळखता.

न जाण्याचं कारण मी मनापासून शोधलं. निवृत्तीला किती वर्षं उरली तेही मोजून झालं. सापडलं नाही. भालेराव माझ्या स्कूटीवर मागे बसले, पेटी मांडीवर. सुरेखा पुढे शेअर रिक्षाने गेली.

घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. दार एका फळीचं, त्याला कडी-कोयंडा, त्यात दिराचं नवंकोरं पितळी कुलूप. दीर कामाला खोपोलीला गेला होता, पण आळी घरीच होती आणि सगळी जमली. दुसरी साक्षीदार शेजारची म्हातारी. ती म्हणाली, "लगीन करून आली तवापासनं वळखते. माज्या शेळ्यांना दगडं मारती." भालेरावांनी समाधानाने मान हलवली.

"पोरी, दार उघाडल्यावर पयलं काय दिसंल?"

"डालड्याचा डबा," सुरेखा म्हणाली. "समोरच्या भिताडाला घुशीनं भोक पाडलंय, त्याच्या तोंडाला लावलाय. आत दगडं भरलीत. पन त्या घुशीचं काय सांगता येत नाय, डबा लोटला पन असंल."

भालेराव दारापुढे उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. कुलपाकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग त्यांची नजर दाराच्या दुसऱ्या बाजूला गेली. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं, त्यामुळे बिजागऱ्या बाहेर होत्या. वर एक, खाली एक.

"ह्या कोनी बसवल्या?"

"ह्यांनी. खोली बारकी. दार आत उघाडलं का चुलीवर यायचं."

"शाना मानूस व्हता," भालेराव म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, पेटी उघडली आणि आळीकडे वळले. आता भिंतीकडे तोंड करायला सांगतील म्हणून मी सवयीने वळलेसुद्धा. "इकडं बघा," ते म्हणाले. "सगळ्यांनी बघा. माजा हात कुठं हाय ते बघा. भाऊसाहेब, तुमी पन."

चौकटीतले स्क्रू गंजलेले होते. एकेक काढायला खरोखरच वेळ लागला. या वेळी सुस्कारे खोटे नव्हते. आठवा स्क्रू निघाला तसं त्यांनी दार बिजागरीच्या बाजूने धरलं आणि हलकेच ओढलं. कुलूप तिकडे जागच्या जागी, बंद. दार त्या कुलपावरच फिरलं आणि उलट्या बाजूने उघडलं.

वीतभर उघडून ते आत डोकावले. डबा आडवा पडलेला होता. घुशीने आठवडाभरात अर्धं पोतं भात बाहेर ओढून ठेवला होता. बेकायदा ताब्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी नोकरीत पाहिलं नाही.

"जुळतंय," भालेराव म्हणाले आणि बाजूला झाले.

त्यांनी बिजागऱ्यांत काढता-घालता येतील असे दोन लांब खिळे घालून दिले आणि आतून लावायला त्या बाजूला एक आकडा ठोकला. सुरेखा त्या रात्रीपासून घरात झोपू लागली, उलट्या बाजूने येत-जात. वारसाचा अर्ज तिने दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे दिला. दीर घरी आला तेव्हा त्याला दिसलं ते असं, की आपलं कुलूप दाराला आहे तसं लटकतंय आणि कौलातून धूर येतोय.

दोन दिवस गेले. मग कर्जतच्या चावीवाल्याने कुलूप फोडलं म्हणून त्याने तक्रार दिली. हवालदार आले. आम्हा दोघांना सुरेखाच्या दाराशी यायचा निरोप आला. भालेराव पुन्हा स्कूटीवर मागे बसले, या वेळी पेटी छातीशी घट्ट धरून. फोडलं हा एक शब्द कागदावर चढला असता तर छत्री मिटली असती, हे त्यांना कळत होतं. आणि कुलूप दारावर ठेवायचा हक्क दिराचा ठरला असता, तर सुरेखाला संध्याकाळपर्यंत सही करावी लागली असती, हे मला.

हवालदारांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. दिराला विचारलं, चावी आहे का? आहे म्हणाला. लावून बघा म्हणाले. चावी लागली, कुलूप उघडलं.

"मग फोडलंय काय?" हवालदार म्हणाले.

"पन ती आत कशी गेली?"

हवालदारांनी सुरेखाकडे पाहिलं. "तुमी आत कशा गेल्या?"

"दारातनं," सुरेखा म्हणाली.

आळी हसली. दीरही हसला असता, पण त्याच्या लक्षात आलं. त्याने भालेरावांकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. हवालदारांनी मला विचारलं की मॅडम, तुम्ही होतात का? नव्हते म्हणायची सोय नव्हती. मला त्या क्षणी घाम फुटला होता आणि मी तो पदराने पुसला, हे नोंदवून ठेवते, कारण नंतर गावात माझी फार धीट बाई अशी ख्याती झाली.

"मी हजर होते," मी म्हणाले. "कुलपाला कोणीही हात लावला नाही. घर हिच्या नवऱ्याच्या नावावर आहे, पावती आहे. हिचा वारसाचा अर्ज माझ्याकडे आलाय. काय हरकत असेल ती त्यांनी माझ्याकडे लेखी द्यावी."

हवालदारांनी कुलूप दिराच्या हातात ठेवलं. तुमची वस्तू तुम्ही घेऊन जा, म्हणाले. तो कुलूप घेऊन गेला. हरकत त्याने दिली नाही. सुरेखाचं नाव जमिनीला लागलं.

पुढे माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला. शासकीय वेळेत खाजगी दाराच्या बिजागऱ्या निघत असताना मी तिथे का होते, असा त्याचा आशय. उत्तर दीड पान झालं. त्यात 'बिजागरी' हा शब्द सात वेळा आला.

भालेरावांना जास्त महागात पडलं. कागदावर नाव आलं नाही, पण चार फाट्यावर आलं. चावीवाला कुलूप सोडून दारंच काढतो, असं कोणीतरी थट्टेत म्हणालं आणि ते पसरलं. महिनाभर बोलावणी जवळजवळ थांबली. मी एकदा छत्रीखाली जाऊन बसले आणि त्यांना समजावलं की तुम्ही नियम मोडला नाही, मी साक्षीदार आहे. ते चावीला कानस लावत होते. "मोडला नाय," म्हणाले. "वाकला. कुलपाला हात लावला नाय ते लोकांसाठी. आत जायची वाट मीच केली, ते मला ठाव हाय. वाकवायचाच व्हता तर तिथं वाकला ते बरं झालं." मग बोलावणी पुन्हा सुरू झाली, पण त्यांची नजर कमी होत चालली होती. यंदा उन्हाळ्यात ते मुलीकडे शेलूला राहायला गेले. मुलीच्या घराला चावी नाही, बोटाच्या ठशाने उघडतं, असं कळलं. छत्रीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

कोणाच्या दारापुढे काम करताना मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सुरेखाच्या दारातच, हवालदार गेल्यावर.

खिळे काढून त्यांनी बिजागऱ्यांना नवे, मोठे स्क्रू बसवले. दार सरळ झालं. आळी पांगली. सुरेखाने चहा केला. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभ्याने घेतला, कप परत दिला आणि तिला म्हणाले, आत जा आणि कडी लाव. तिने दार ओढून घेतलं. आत कडीचा आवाज झाला.

"लागली, मामा."

भालेरावांनी दार धरून ओढलं. मग पाय रोवून, दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ओढलं. चष्मा नाकावरून घसरला. दार जागचं हललं नाही.

"आता कोनी बी म्हनलं तरी उघाडू नकोस," ते बंद दाराला म्हणाले. "मी म्हनलं तरी."

आतून होकार आला. त्यांनी दाराच्या फळीवर एकदा तळवा टेकवला आणि पेटी काखेत घेऊन माझ्या स्कूटीकडे निघाले.